तालुक्याच्या गावातून जॅमची तयारी: वही तपासणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनवटजवळच्या गावात राहणारी मुलगी, टी.वाय. बीएस्सी, विषय गणित. येत्या फेब्रुवारीत जॅम, म्हणजे आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळवण्यासाठीची परीक्षा, द्यायची आहे. कॉलेजात या परीक्षेचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, नांदेडपर्यंत शोधूनही तिला गणिताच्या जॅमचा क्लास सापडला नाही आणि पुण्यात खोली घेऊन राहण्याची ऐपत नाही. फोन आहे, लॅपटॉप नाही. रोज जाऊन-येऊन दोन तास एसटीत जातात. शेवटी विचारलंय, "मार्गदर्शनाशिवाय होईल का, की नाद सोडून बी.एड. करू?"

मी तुला तू म्हणते, रागावू नकोस. तुझ्या वयाच्या मुली रोज समोरच्या बाकावर असतात, अहो-जाहो तोंडात येत नाही.

होईल. पण "मार्गदर्शन नाही" म्हणजे नेमकं काय नाही ते आधी पाहू, कारण तयारी कशी करायची ते त्यावरच ठरतं. शिकवणं तुझ्या फोनमध्ये आहे. एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेलं रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी, सगळं फुकट पाहायला मिळतं. मी २०१० साली पहिल्यांदा जॅम दिली तेव्हा आमच्या गावातल्या नेट कॅफेत एक व्हिडिओ उघडेपर्यंत भरलेला तास संपायचा. तो त्रास तुला नाही. तुझ्याकडे नाही तो वहीत डोकावून "ही तिसरी ओळ कुठून आली गं?" असं विचारणारा माणूस. शहरातल्या हॉस्टेलात असं कुणीतरी असतंच. तिथली चूक रात्री चहाच्या वेळी पकडली जाते. आपली चूक वहीत सुखानं नांदते आणि थेट पेपरात उगवते.

माझं असंच झालं. विद्यापीठाच्या परीक्षेत गणिताला नव्वदच्या वर मार्क, गावात सत्कार, वर्तमानपत्रात फोटो. आणि जॅमच्या निकालात नाव नाही. शहरातल्या एका क्लासच्या टपालानं येणाऱ्या नोट्स घेतल्या होत्या, वडिलांनी त्यासाठी सोयाबीनच्या पैशातून रक्कम काढून दिली होती. त्या नोट्समधली काही उत्तरं चुकीची होती हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पण खरं दुखलं ते वेगळंच: त्या उत्तरांशी माझी उत्तरं जुळत होती.

आता एक प्रश्न जवळून पाहू. जॅममध्ये ज्यांना एमएसक्यू म्हणतात, म्हणजे चारपैकी एक किंवा अधिक पर्याय बरोबर असू शकतात, तशा धाटणीचा हा प्रश्न मी दरवर्षी टी.वाय.च्या वर्गाला देते. वास्तव संख्यांची एक श्रेणी अभिसारी आहे, आपल्या रोजच्या भाषेत कन्व्हर्जंट आहे. मग खालीलपैकी काय नक्की खरं? क) पदांच्या वर्गांची श्रेणीही कन्व्हर्जंट. ख) पदं शून्याकडे जातात. ग) प्रत्येक पदाला त्याच्या क्रमांकानं भागून जी श्रेणी होते ती कन्व्हर्जंट. घ) पदांच्या निरपेक्ष किमतींची श्रेणी कन्व्हर्जंट.

वर्गातली निम्मी मुलं मनात १, १/४, १/९, १/१६ ही श्रेणी धरतात, चारही विधानं तिच्यावर तपासतात, चारही खरी निघतात, चारहींवर खूण. ही चूक तरी उत्तरतालिका पाहून कळते. खरी पंचाईत हुशार मुलांची. त्यांना घ खोटं आहे हे पाठ असतं. क बद्दल ती असं लिहितात: "पदं शून्याकडे जातात, म्हणून एका टप्प्यानंतर प्रत्येक पद एकापेक्षा लहान. एकापेक्षा लहान संख्येचा वर्ग त्या संख्येपेक्षा लहान. म्हणून कम्पॅरिझन टेस्टनं वर्गांची श्रेणी कन्व्हर्जंट." वाचायला किती छान आहे बघ. विद्यापीठाच्या पेपरात याला पाचपैकी चार मार्क मिळालेले मी पाहिले आहेत.

आता −१, १/√२, −१/√३, १/√४ अशी एकाआड एक चिन्हं बदलणारी श्रेणी घे. पदांचा आकार घटत शून्याकडे जातो, म्हणून लाइब्निझच्या कसोटीनं ती कन्व्हर्जंट. वर्ग केले की १, १/२, १/३, १/४, म्हणजे हार्मोनिक श्रेणी, जी डायव्हर्जंट आहे हे फर्स्ट इयरलाच शिकलो. म्हणजे क खोटं. मग वरचा सुंदर पुरावा कुठे मोडला? कम्पॅरिझन टेस्टला पदं ऋण नसावी लागतात, ही अट कुणी पाहिलीच नाही. ऋण पदाचा वर्ग त्या पदापेक्षा लहान कसा असेल? ग मात्र खरं आहे. १, १/२, १/३ ही क्रमिका एकदिश आणि बद्ध आहे, म्हणून आबेलची कसोटी लागते. उत्तर ख आणि ग.

तालिकेत फक्त "ख, ग" छापलेलं असतं. तुझा पुरावा कुठल्या ओळीत लंगडला ते ती सांगत नाही. तू म्हणशील, "अरे हो, क चुकलं," आणि पुढच्या प्रश्नाकडे जाशील. तो लंगडा पुरावा डोक्यात तसाच राहील आणि दुसऱ्या प्रश्नात पुन्हा चालू लागेल.

म्हणून तुझा पहिला उद्योग स्वतःची चूक पकडायची सोय लावण्याचा. मी दुसऱ्या वर्षी जे केलं आणि आता मुलांकडून करून घेते ते सांगते. वहीच्या पानावर उजवीकडे दोन बोटं जागा सोडून रेघ मार. डावीकडे पुरावा, आणि उजवीकडे त्या-त्या ओळीला दिलेलं कुठलं गृहीतक वापरलं ते. कसोटी वापरली तर तिच्या सगळ्या अटी तिथे लिहायच्या. वरच्या पुराव्यात उजवीकडे "पदं ऋण नाहीत" असं लिहावं लागलं असतं आणि हात तिथेच थांबला असता. दुसरं म्हणजे पुरावा लिहिलेल्या दिवशी तपासू नकोस. स्वतःचं ताजं लिखाण स्वतःला खरंच वाटतं. दोन दिवसांनी, शक्य असेल तर एसटीत, हे एखाद्या खडूस सरांनी लिहिलंय असं समजून वाच. तिसरं, शेवटच्या पानांवर विचित्र उदाहरणांची यादी ठेव. वरची चिन्हं बदलणारी श्रेणी. शून्याच्या भोवती वेड्यासारखं हेलकावणारं, १/एक्सच्या साइनला एक्सच्या वर्गानं गुणून आणि शून्यापाशी शून्य ठेवून होणारं फलन, जे सगळीकडे अवकलनीय आहे पण ज्याचं डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी सलग नाही. स्वतः अबेलियन नसलेला पण ज्याचा, पूर्ण गट सोडून, प्रत्येक उपगट अबेलियन आहे असा सहा घटकांचा एस-थ्री. कुठलंही "नेहमी खरं" विधान दिसलं की या यादीतून फिरवून आणायचं. माझी यादी दोन वर्षांत चाळीस-पंचेचाळीस उदाहरणांची झाली होती. ते पान अजून आहे, कोपरे झिजलेत.

आता माणसं. तुमच्या कॉलेजातलं गणित बहुधा एक पर्मनंट सर आणि एक-दोन सीएचबीवाले, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे मिळणारे शिक्षक, यांच्यावर चालत असेल. सीएचबीवर तासिका घेणाऱ्या त्या तरुण सर-मॅडमना धर. त्यांनी प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट-सेटची तयारी केलेली असते, बऱ्याचदा अजून चालू असते, आणि नेटच्या गणितातला मोठा भाग जॅमच्याच वाटेवरचा आहे. फक्त "सर, जॅमचं शिकवा ना" असं म्हणून जाऊ नकोस. त्यांना एका तासिकेचे जे काही पैसे मिळतात ते कळले तर आपल्यालाच लाज वाटते. एक प्रश्न, स्वतः सोडवलेला, अडलेल्या ओळीवर खूण केलेला, असा घेऊन जा. पाच मिनिटांचं काम असलं की कुणी नाही म्हणत नाही. सरांना उत्तर आलं नाही तर चेहरा पाडू नकोस, "उद्या येते सर" म्हण. माझ्याकडे असं आलेल्या मुलीमुळे मीच रात्री पुस्तक उघडून बसले आहे.

आणि एक जोडीदार शोध. तुझ्या कॉलेजात नसेल तर शेजारच्या तालुक्यात असेल, मुलगी असो की मुलगा. आठवड्यातून दोनदा फोनवर अर्धा तास. नियम एकच: सांगणाऱ्यानं कागद न बघता पुरावा तोंडी सांगायचा, ऐकणाऱ्यानं दर वाक्याला "का?" विचारायचं. मराठीत सांगा, मराठीत भांडा. तोंडी सांगताना जिथे आवाज बारीक होतो तिथे पुरावा कच्चा असतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

फोनमधल्या एआयबद्दल मुलं हल्ली विचारतातच. त्याला प्रश्न टाकून उत्तर मागू नकोस. तो मोठ्या आत्मविश्वासानं वरच्यासारखाच देखणा आणि चुकीचा पुरावाही देऊ शकतो. तुझा लिहिलेला पुरावा दे आणि कुठली पायरी कच्ची आहे एवढंच विचार. तो जे सांगेल तेही उजवीकडच्या समासात अटी लिहून तपास. तपासणाऱ्यालाही तपासायचं, एवढं पथ्य पाळलं तर कामाची वस्तू आहे.

आणखी एक गोष्ट कुठल्याही क्लासच्या जाहिरातीत नसते: इंग्रजी. पेपर फक्त इंग्रजीत असतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या आपल्या मुलांना गणिताचे शब्द येतात, अडतं ते बारक्या शब्दांत. "अ‍ॅट लीस्ट वन" आणि "अ‍ॅट मोस्ट वन" घाईत उलटे वाचले जातात. "नॉट नेसेसरिली" म्हणजे "नाही" असं नसतं, "असेलच असं नाही" असं असतं. "एनी" तर पक्का बहुरूपी, कधी "कुठलाही घ्या, सगळ्यांसाठी", कधी "एखादा तरी". आणि सगळ्यात महाग पडतो तो क्रम. "प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो" आणि "असा एक डेल्टा असतो जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मराठीत सांगते: प्रत्येक मुलीला एक आई असते, पण सगळ्या मुलींची मिळून एकच आई नसते. जुन्या पेपरातल्या प्रत्येक प्रश्नाचं विधान आधी मराठीत स्वतःच्या शब्दांत लिही, मग सोडव. महिनाभर कंटाळवाणं वाटेल. पुढे हात जिथे थांबायला हवा तिथे आपोआप थांबतो.

एनपीटेलवरचं इंग्रजी सुरुवातीला कानांवरून जाईल. वेग पाऊणपट कर, खालची अक्षरं चालू ठेव. दिवसाच्या डेटात एक व्याख्यान आरामात उतरतं. रात्री उतरवून ठेवलं की सकाळी एसटीत पाहता येतं. पण दिवसाला एकच. व्हिडिओ पाहताना सगळं समजतंय असं वाटतं आणि आपण अभ्यास केल्याच्या समाधानात झोपतो. एका तासाच्या व्याख्यानामागे दोन तास पेन चाललं पाहिजे.

परीक्षेचा साचा पटकन सांगते, कारण तो तुला अधिकृत माहितीपत्रकातही मिळेल. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, संगणकावर. अ विभागात ३० बहुपर्यायी प्रश्न, एकच उत्तर बरोबर. त्यातले १० एका गुणाचे, २० दोन गुणांचे. चुकलं तर एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश गुण कापतात. ब विभागात १० एमएसक्यू, प्रत्येकी दोन गुण. चुकलं तर कापत नाहीत, पण अर्धवट बरोबर आलं तर अर्धे गुणही नाहीत. क विभागात २० प्रश्न, ज्यांचं उत्तर म्हणजे एक संख्या. १० एका गुणाचे, १० दोन गुणांचे, कपात नाही. म्हणजे ब आणि क हे ५० गुण असे आहेत की तिथे काहीही कोरं सोडायचं नाही.

अ विभागात अंदाज मारायचा का, हे मुलं भीत भीत विचारतात. गणिताच्या मुलींनी भ्यायचं कशाला, हिशोब करावा. दोन गुणांच्या प्रश्नात चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरी मिळकत १/४ × २ उणे ३/४ × २/३, म्हणजे शून्य. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर १/३ × २ उणे २/३ × २/३, म्हणजे २/९, थोडी का होईना जमेची बाजू. दोन बाद केले तर २/३. तेव्हा खात्रीनं एक बाद झाला तर मार, नाहीतर पुढे जा. "खात्रीनं" या शब्दावर मात्र स्वतःशी लबाडी करू नकोस.

क विभाग आपल्या मुलींचा, असं मी म्हणते. पर्याय बघून फसायची सोय नाही, शांतपणे मोजलं की गुण हातात. उदाहरणार्थ, एस-फाइव्हमध्ये ऑर्डर सहा असलेले घटक किती? घाईतली मुलं सहा लांबीचं चक्र शोधायला जातात, जे पाच वस्तूंत होऊच शकत नाही. तिघांचं एक चक्र आणि उरलेल्या दोघांची अदलाबदल, तेव्हाच लसावि सहा येतो. पाचातून तिघे निवडायचे १० प्रकार, त्यांची चक्रं प्रत्येकी दोन, उरलेल्या दोघांची अदलाबदल एकच. उत्तर २०. असे प्रश्न हातून सुटले तर जीव हळहळतो, कारण त्यात येत नव्हतं असं काहीच नसतं.

गुणांचं दडपण घेऊ नकोस. गणितात शंभरपैकी पन्नासच्या आसपास मिळवून चांगल्या आयआयटीत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पेपर कसा निघतो त्यावर हे वर्षागणिक हलतं, पण सगळा पेपर सोडवायचा असतो हा विद्यापीठाच्या परीक्षेतला समज इथे बाजूला ठेव. साठातले वीस प्रश्न दुरूनच रामराम करण्याचे असतात. ते ओळखता येणं हाही अभ्यासच.

जुने पेपर अधिकृत संकेतस्थळावर उत्तरतालिकेसह फुकट आहेत. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून घे. हा साचा २०१५ पासूनचा आहे. त्यातले अलीकडचे तीन पेपर पिशवीत घालून घरच्यांकडे दे, जानेवारीपर्यंत परत मागायचे नाहीत. बाकीचे विषयवार फोड. २०१४ पर्यंतचे पेपर लोक "पॅटर्न बदलला" म्हणून टाकून देतात. मला विचारशील तर तुझ्यासाठी ते सोनं आहे. त्यांतल्या बऱ्याच पेपरांत लिहून सोडवायचे प्रश्न आहेत, म्हणजे पुरावा मांडायला लागतो, आणि समासवाली वही तिथेच घडते. महागड्या टेस्ट सिरीजच्या मागे लागू नकोस. एक स्वस्तातली घेतलीस तरी चालेल, नाही घेतलीस तरी अडत नाही.

वेळापत्रकाचं मी फार सांगणार नाही, घरची कामं तुलाच माहीत. पण क्रम सांगते. क्रमिका-श्रेणी आणि लिनिअर अल्जेब्रा आधी, सप्टेंबर संपेपर्यंत, एकाआड एक दिवस. यांच्यावर बाकीचं उभं आहे. मग ग्रुप थिअरी. डिफरन्शियल इक्वेशन विद्यापीठाच्या सत्र परीक्षेच्या आसपास ठेव, कारण तो भाग आपल्याकडे बरा शिकवतात आणि दोन्हीकडे उपयोगी पडतो. अनेक चलांचं कॅल्क्युलस सगळे शेवटासाठी ठेवतात आणि सगळ्यांचं कच्चं राहतं. ते दिवाळीच्या सुट्टीत घे. पुस्तकांसाठी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं पान उघड. तिथे संदर्भग्रंथ म्हणून जी जाड पुस्तकं छापलेली असतात ती कॉलेजच्या लायब्ररीत बहुधा असतातच, कुणी न उघडलेली, कोऱ्या वासाची. गाइड आणि गेस पेपर वर्षभर कपाटात राहू दे.

लॅपटॉप नाही याची काळजी नको, पण संगणकावर बसण्याची सवय हवी. पेपरात स्वतःचं कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचंच वापरावं लागतं, आणि संख्याही माउसनं पडद्यावरच्या कीपॅडवर टिचक्या मारून भरायची असते. फोनवर बोटं चालवणाऱ्या मुलींचा माउसवर हात अडखळतो आणि दहा मिनिटं तिथे जातात. तालुक्याला एमएस-सीआयटीचं सेंटर असेलच. जानेवारीतले तीन रविवार तीन-तीन तास मशीन मागून घे. आमच्या गावच्या सेंटरवाल्यानं एका मुलीकडून पैसेही घेतले नाहीत, फक्त म्हणाला, लागलं तर पेढे आण.

आता कागदपत्रं, कारण इथे अभ्यास करूनही माणूस बुडतो. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. दरवर्षी वेगळी आयआयटी परीक्षा घेते, २०२५ ची दिल्लीनं घेतली होती, २०२६ ची मुंबईनं, त्यामुळे संकेतस्थळाचा पत्ताही बदलतो. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शुल्क निम्मं आहे. ओबीसी असशील तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. आपण कॉलेज प्रवेशाला वापरतो ते राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. राज्यात विमुक्त जाती-भटक्या जमातींत मोडणारे बरेच समाज केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात, तेव्हा आपली जात केंद्राच्या यादीत कुठल्या नावानं आहे ते आधी पाहून घे. ईडब्ल्यूएसचंही तसंच, चालू आर्थिक वर्षाचं हवं. सेतू केंद्रावर ऑगस्टमध्येच अर्ज टाक. तहसीलमध्ये "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य किमान तीनदा ऐकायची तयारी ठेव.

आणि हे ठळक लिहून भिंतीला चिकटव: निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. निकालानंतर प्रवेशाचा फॉर्म वेगळा असतो, तिथे आयआयटींचा पसंतीक्रम भरावा लागतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं चांगली रँक आणून हा फॉर्म भरलाच नाही, "ते स्वतः बोलावतील" या समजात. वर्ष गेलं. एनआयटींसाठीची समुपदेशन प्रक्रिया, सीसीएमएन, पुन्हा वेगळी, तिचीही नोंदणी आपणच करायची. प्रत्येक संस्थेची पात्रतेची अट निराळी असते, पदवीला गणित किती वर्षं होतं हेही पाहतात, ते आधीच वाच.

एकाच दोरीवर सगळं वाळत घालू नकोस. याच तयारीवर सीयूईटी-पीजी देता येते, तीतून हैदराबाद, दिल्ली अशा केंद्रीय विद्यापीठांचे दरवाजे उघडतात. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा असते, पुण्याच्या स. प. महाविद्यालयातून चालते, तिचे जुने पेपर पुरावे लिहायच्या सरावाला फार चांगले. एमटीटीएस नावाची गणिताची उन्हाळी शिबिरं १९९३ पासून चालू आहेत, तिथे फळ्यावर उतरवून देत नाहीत, प्रश्न विचारून विचारून मुलांकडूनच पुरावा काढतात. तुझ्या धाकट्या वर्गातल्या मुलींना हे आत्ताच सांग, फर्स्ट-सेकंड इयरला गेलेली मुलगी टी.वाय.ला वेगळीच असते. मला हे नाव एम.एस्सी. झाल्यावर कळलं.

पहिल्या वेळी नाही जमलं तर एक वर्ष पुन्हा द्यायला हरकत नाही, वयाची अट नाही. पण घरी हे आत्ताच बोलून ठेव, निकालाच्या दिवशी नको. माझ्या आईला मी आधी सांगितलं नव्हतं, आणि निकालाच्या त्या दिवसांत घरात दोन स्थळांचे फोटो येऊन पडले होते. वडिलांनी ते पाकिटात परत घातले म्हणून मी आज हे लिहिते आहे. तू परीक्षेच्या केंद्रासाठी शहरांचा क्रम भरशील तेव्हा घरून सोबत कोण येणार आणि आदल्या रात्री कुठे उतरणार हेही त्याच बैठकीत ठरव. मी रात्रभर एसटीनं पुण्याला जाऊन सकाळी पेपरला बसले होते, पहिला तास डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती.

बी.एड.चा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. शिक्षिका व्हायचं मनात असेल तर जरूर कर, ते एम.एस्सी.नंतरही करता येतं. आत्ता एक काम कर. पाच बाय पाचचं एक मॅट्रिक्स आहे, त्याचा वर्ग शून्य मॅट्रिक्स येतो. त्याची रँक जास्तीत जास्त किती? उत्तर मीच सांगून टाकते: २. मला दोन गोष्टी हव्यात. दोनपेक्षा जास्त का होऊ शकत नाही, आणि बरोबर दोन होते असं एक मॅट्रिक्स. उजवीकडे समास सोडून, अटी लिहून, पेनानं लिही. दोन दिवसांनी पुन्हा वाच, मग पाठव. फोटो उजेडात काढ, मागच्या वेळी एकीनं पाठवला त्यात अर्धी तिची सावलीच होती.